दहापैकी किती

निवतीच्या दवाखान्यात बाबल मेथरला चौघांनी उचलून आणलं.
शिंगाळ्याचा काटा तळव्यात,
आयशीच्या नावाने हाका, सबंध बंदर खिडकीशी.
दहापैकी किती दुखतंय?
"धा! बारा!"
ऊन पाण्यात त्याचा हात धरून ठेवला मी.
खोटं नव्हतं काही. शिंगाळा लागला
की माणसातला माड मुळापासून हलतो.

सत्यवती केसपेपरचे पैसे द्यायला पुढे आली.
तिच्या बोटांवर जुन्या काट्यांचे काळे तीळ,
ओटीपोटाशी पदर गच्च आवळलेला.
"कधीपासून?"
"नारळी पुनवेपासून."
दिवाळी होऊन गेली होती.
"किती?"
भिंतीवरच्या तक्त्यातले चेहरे ती बघत राहिली,
हसरा, रडवा, मधले.
"माका सुरमय इकूची आसा.
तुमका गमता तो आकडो लिवा."

मी चार लिहिला.
का चार, कोण जाणे. रांग होती.
माझीही कंबर सकाळपासून धरलेली,
ती कुठे मांडली होती मी?

स्कूटर तिनेच काढली. तो मागे,
पट्टीचा हात उंच धरून.
वळणावरच्या खड्ड्यात गाडी आदळली
तेव्हा ओरडणं ऐकू आलं,
त्याचंच.