फळा कुठे टांगायचा

शाळा बंद झाली तेव्हा बाकं मोठ्या बेटावर गेली,
घंटा पाद्र्याने मागून नेली,
नकाशांचं काय झालं ते उंदरांना विचारा.
फळ्याला कुणी वाली नव्हता.
मी घेतला.

एकतीस वर्षं त्यावर दुसऱ्यांचं लिहिलं:
चिलेच्या नद्या, राजधान्या, हातच्याची वजाबाकी.
आता खडूचा अर्धा डबा माझा
आणि सकाळी सहाला जाग येते.
काय लिहायचं हा प्रश्न नंतरचा.
आधी, कुठल्या भिंतीला.

रस्त्याकडच्या भिंतीला लावला तर
शिंपले वेचणाऱ्या बाया वाचतील,
आणि मार्गारिता ओयार्सो,
जी वाचत नाही, वाचून दाखवत फिरते.
धक्क्याकडच्या भिंतीला लावला तर
बोटीतून उतरणारे परके,
त्यांना काहीही सांगता येतं,
ते पाचच्या बोटीने परत जातात.
स्वयंपाकघरात लावला तर चूल, मांजर आणि मी.
मग वहीच काय वाईट होती?

आई म्हणायची, झाकली मूठ सव्वा लाखाची.
ती गेली तेव्हा आम्ही बोटं एकेक करून सोडवली.
आत जपमाळेचा एक मणी होता,
तोही तुटका.

पहिला आठवडा रस्त्याकडे.
भरती-ओहोटीच्या वेळा लिहिल्या.
सगळे खूश. भरतीला ना आडनाव, ना लाज.
मग जुन्या बटाट्यांची नावं,
आता कुणी लावत नाही त्या जातींची.
फेलिसिंदो थांबला,
थुंकी लावून दोन नावं पुसली, नीट लिहिली.
राग आला. मग दिवसभर बरं वाटलं.

पण रात्री हात शिवशिवतो तो बटाट्यांसाठी नाही.

ओनोफ्रे मान्सिया, वय नऊ, ओले मोजे.
अर्धा भागिले पाव.
तो म्हणाला, दोन.
मी म्हणाले, एक अष्टमांश,
आणि हसले, आणि वर्ग हसला.
अर्ध्यात पाव दोनदा मावतो, बाई,
तो म्हणाला, आमच्या घरी तेल असंच मोजतात.
मी त्याला घंटा होईपर्यंत याच फळ्याशी उभा केला,
तोंड भिंतीकडे.
घरी येऊन चुलीपाशी गणित केलं.
दोन.
दुसऱ्या दिवशी मी नद्या शिकवल्या.

तो आता धक्क्यावर बोटींचे दोर बांधतो.
मला उतरताना हात देतो. बाईच म्हणतो.

हे वेशीवर टांगायचं का?
नाव घालून? माझं, की त्याचंही?
त्याची ती दुपार मी दुसऱ्यांदा गावाला दाखवायची,
या वेळी चांगुलपणाने?

लहानपणी आमचं घर हलवलं होतं.
ओंडक्यांवर चढवून, बैल जोडून,
टेकडीच्या या अंगावरून त्या अंगाला.
घर उचललं तसं त्याच्या पोटाखालचं सगळं उघडं पडलं:
माझी बाहुली, सात चमचे,
बाबांच्या बाटल्या, मोजता न येण्याइतक्या.
अख्ख्या गावाने पाहिलं.
कुणी ब्र काढला नाही.
सगळ्यांच्या हातात दोर होता.

मार्गारिताच्या हातातही, हे आज आठवलं.

काल फळा धक्क्याकडच्या भिंतीला नेला.
चार खिळे, एक वाकडा.
वर भरतीची वेळ, नेहमीची.
खाली लिहिलं:
अर्धा भागिले पाव, बरोबर दोन.
बाई चुकल्या होत्या.
त्याचं नाव नाही. माझं लिहिलं, आडनावासकट,
अक्षर मुलांसाठी काढायचे तसं,
गोल.

पाचच्या बोटीतले लोक वाचून पुढे गेले.
एकाने फोटो काढला.
ओनोफ्रेने दोर बांधला, फळ्याकडे पाहिलं,
किती वेळ ते सांगता येत नाही,
मी पडद्याआड होते.
हो, मीच.

आज सकाळी गणित तसंच आहे.
भरतीची वेळ मात्र कुणीतरी पुसून
वीस मिनिटं पुढे केली आहे.
मी तक्ता काढून पाहिला.
त्याचीच बरोबर आहे.