कडेपासून दोन बोटं

पाठीवर नेमका तिथंच उठला
जिथं डावा हात वरून पोचत नाही
आणि उजवा खालून.
आधी कमळाच्या देठाएवढा,
मग बशीच्या बुडाएवढा,
मग मोजायचा कशानं?
स्वतःची पाठ कुणी पाहिलीय?

चाउ डॉकला, हाऊ नदीवर तरंगतं माझं घर.
खाली जाळ्यात मासे, वर मी.
फळी उचलली की जमिनीत नदी.
चाळीस वर्षं ओल्या सदऱ्यात काढली,
नायट्याला आणखी काय लागतं?

पहिल्यांदा बाजारातून आणलं
ते सात रंगांचं मलम. सगळे तेच लावतात.
तीन दिवसांत गायब. वा!
चौथ्या आठवड्यात परत आला
तो पोराबाळांना घेऊन.

औषधांच्या दुकानातली दिएम, माझ्या नातीच्या वयाची,
तिनं भर गिऱ्हाइकांत सदरा वर करायला लावला.
म्हणाली, "आजोबा, आग विझवली नाहीत तुम्ही,
तिच्यावर चादर घातलीत."
मग पांढरी ट्यूब काढली. साधी, एकाच रंगाची.
"अंग कोरडं करून, रोज दोनदा.
आणि कडेपासून दोन बोटं बाहेरपर्यंत,
कारण हा मधून बरा होतो
आणि कडेनं चालत राहतो.
दिसेनासा झाला तरी आणखी दोन आठवडे.
ऐकताय ना?"

ऐकलं. पण लावायचं कुणी?
चॉपस्टिकला कापूस गुंडाळून पाहिला.
पळीची पाठ वापरली.
शेवटी दाराच्या खांबालाच क्रीम फासलं
आणि म्हशीसारखा घासत राहिलो.
खांबाचा नायटा बरा झाला असेल.

शेजारच्या घरात बा साउ.
तिचा दोर आणि माझा दोर एकाच खुंटाला,
आणि खुंट आधी कुणी ठोकला
यावरून सहा वर्षं अबोला.
तिचं कुत्रं तेवढं दोन्ही घरी जेवतं.

पाणी चढायला लागलं होतं, लालसर, गाळाचं.
मी फळीवरून तिच्या दाराशी गेलो.
तोंडातून शब्द फुटेना,
म्हणून नुसतीच पाठ फिरवली.
तिला वाटलं, मुद्दाम अपमान करायला आलाय.
आतून काहीतरी आपटल्याचा आवाज.
मग मी सदरा वर केला.

"ट्रोई ओई," इतकंच म्हणाली.
मासे साफ करायचा रबरी मोजा चढवून आली.
क्रीम गार,
मोजा त्याहून गार,
आणि माझ्या पाठीला आठवेना
शेवटचं कुणी, कधी.

"कडेपासून दोन बोटं," मी सांगितलं.
"कुणाची? तुझी की माझी?
माझी बारीक आहेत."
सहा वर्षांतलं हे पहिलं वाक्य.

त्यानंतर सकाळी एकदा, दिवेलागणीला एकदा.
बोलणं फार नाही.
माशांच्या खाद्याचा भाव.
तिचा मुलगा बिन्ह युऑंगला बुटांच्या कारखान्यात,
फोन करतो, पण घाईत.
सदरा उन्हात दोन दिवस वाळव, एक नाही.
टॉवेल वेगळा ठेव, कुत्र्याला त्यावर झोपू देऊ नकोस,
त्याच्या कानामागे बघ, तिथंही केस गेलेत,
त्याला कुणी दाखवलं का?
मला वाटायचं ते म्हातारपण आहे.

दहाव्या दिवशी खाज गेली.
अठराव्या दिवशी ती म्हणाली,
"इथं काही नाही आता. कोरी पाठ."
मी सदरा खाली ओढायला लागलो.
तिनं तो तसाच वर धरून ठेवला.
"दोन आठवडे अजून.
दिएमला विचारून आलेय मी."

काल ट्यूब संपली.
मुळापासून गुंडाळत आणली, दाबली,
दाराच्या फटीत धरून पिळली. काही नाही.
बा साउनं ती हातातून घेतली,
फळीवर ठेवली,
माशासारखी उभी चिरली सुरीनं,
पोट उघडून आत पाहिलं.

आज मोजा नव्हता तिच्या हातात.
"बघ," म्हणाली, "दोन दिवसांचं निघतंय अजून."