पेन्सिलीनं

डेव्हेंटरला घर लावलं त्या आठवड्यात
खालच्या मजल्यावरच्या हेनीबाईंनी एक कॅलेंडर दिलं,
वार नसलेलं.
नुसते महिने आणि तारखा. वर्ष संपलं तरी फेकायचं नाही.
त्यात माणसांचे वाढदिवस लिहायचे
आणि टांगायचं संडासात.
इकडे सगळ्यांकडे असतं, म्हणाल्या,
बसल्या बसल्या आठवण राहते.
इतक्या सरळ चेहऱ्यानं, की आम्हाला हसताही येईना.

रात्री भूपेंद्र निळं पेन घेऊन बसला.
अप्पा, एक जून.
आई, एक जून.
मोठे काका, एक जून. विखरणची आत्या, एक जून.
माझी शिरपूरची माणसंही आली त्याच चौकोनात,
पंगतीत जागा करून बसावी तशी
एकमेकांच्या मांडीला मांडी लावून.
आमचे दोघांचे तेवढे खरे,
धुळ्याच्या दवाखान्यातले, मिनिटांसकट.
आणि चौदा मार्चला हेनीबाई.
बाकी वर्ष मोकळं पडलं, खळ्यासारखं.

त्या कॉफीला आल्या,
तीन आठवडे आधी ठरवून,
एक बिस्किट खाल्लं, आत जाऊन आल्या,
आणि विचारलं, एक जूनला तुमच्याकडे कसला सण असतो?
शाळेचा, भूपेंद्र म्हणाला.
नाव घालायचं असतं, आणि गुरुजींना घाई असते.
त्यांनी मान हलवली.
पुढच्या एक जूनला दाराशी फुलं ठेवलेली होती,
नक्की कुणासाठी, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

आता डिसेंबर. आम्ही दोंडाईच्यात, सतरा दिवसांसाठी.
अंगणात मिरचीचा लाल ढीग,
आई देठं खुडतेय, मी शेजारी बसून शिंकतेय.
तीन वर्षांत नाक परकं झालं.
पोटही. सहा वाजले की भूक लागते,
तिकडे साडेचारलाच अंधार पडतो म्हणून.
आम्ही ताटं घेतली तशी आई म्हणाली,
दिन बुडना नही नि जेवाले बसी ग्यात!

जेवता जेवताच भूपेंद्रनं काढलं,
आई, तुझा खरा वाढदिवस कधी?
तिनं हात थांबवला नाही.
मन्हा बाप घोडी लेवाले सारंगखेडाले गयथा,
घोडी नही उनी, मी उनू.

म्हणजे यात्रा. म्हणजे दत्तजयंती.
म्हणजे मार्गशीर्षातली पौर्णिमा.
त्यानं फोन काढला, कोणतं साल, आई?
साल कोन ध्यानम्हा ठेवस?
कपाशी लाल पडेल व्हती तवय.
तो जुन्या पंचांगात बोट फिरवत राहिला,
आणि कपाशी काही सापडेना.

मग मला आठवलं, चौकोन हलत नाहीत.
पौर्णिमा हलते.
कधी या आठवड्यात, कधी पुढच्या,
शाईनं कुठे लिहायची ही बाई?

तेव्हाच कॅलेंडर कुठे टांगलंय तेही सांगावं लागलं.
मन्हं नाव? पायखानाम्हा?
हात मिरचीचे, डोळे पुसायची सोय नाही,
हसून हसून तिला पाणी आलं,
मग आम्हालाही आलं,
त्यातलं मिरचीचं किती ते कुणी वेगळं केलं नाही.
अप्पा ओट्यावरून विचारत राहिले, काय व्हयनं, काय व्हयनं,
त्यांना कुणी सांगेना.

बऱ्याच वेळानं, सूप झटकताना, ती म्हणाली,
तठे तं रोज जातस ना तुम्ही?
मंग राहू दे.

दोन किलो तिखट, कळण्याचं पीठ, कुरडया,
आणि पुतण्याच्या कंपासातली पेन्सिल,
शेंडा चावलेली, मागून घेतलेली.
सामान पुन्हा तोललं, चारशे ग्रॅम जास्त भरलं.
कुरडया काढल्या.
हेनीबाईंना काय समजावायचं ते अजून सुचलेलं नाही,
पण कॉफी ठरेपर्यंत
तीन आठवडे आहेत.