तिसरी पाळी

सव्वासहाला उद्यमबागेतून सुटतो
तेव्हा कानात लेथ फिरतच असते.
येळ्ळूरच्या फाट्यावर समोरून प्रेमा येते,
कुंद्याच्या दुकानात खवा आटवायला निघालेली.
गाड्या थांबतात. "भात झाकून ठेवलाय."
"बरं."
सहा वर्षांच्या संसारातली निम्मी भेट
ही अशी, इंजिन चालू ठेवून.

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढ्यात मांडले.
माझ्या नावासमोर एक आकडा, असावा त्याच्या निम्मा.
तिच्या तारखा तेवीस, एकेचाळीस, मग नुसतीच रेघ.
वाटलं, आता औषध लिहितील.
त्यांनी विचारलं, "निद्दे एष्टु गंटे?"
प्रेमानं बोटं मोजली. मला सोडायला रात्री अकरापर्यंत जागी,
चारला नळ येतो.
मी मोजलीच नाहीत.

"असं बघा," त्या मोडक्या मराठीत म्हणाल्या,
"गड्याचं जे काय असतंय ते झोपेत तयार होतंय,
पहाटेला भरून येतंय. पहाटे तुम्ही काय करतासा?"
पहाटे मी पंपाचं बोअर मारतो. बेचाळीस मिलिमीटर.

डोक्याचं मात्र सांगितलं नाही.
गेल्या महिन्यात मायक्रोमीटरवर तीनचे तीस वाचले,
चौदा नग भंगारात.
परवा तर दाराखालचं ते लाकूड,
प्रेमा ज्याला रोज हळदकुंकू लावते,
त्याचं नावच येईना.
'होस्तिलु' आलं, शेजारच्या बसव्वाच्या तोंडचं.
आपला शब्द कुठं गेला?
तिथंच उभा राहिलो, बूट हातात, एक पाय आत.

पाळी बदलून मागितली. बघू, म्हणाले.
तोवर खिडकीला जुना फ्लेक्स ठोकला,
कुण्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा,
तोंड बाहेरच्या बाजूला.
काळोख झाला बऱ्यापैकी.

मग एका रविवारी दोघांनाही सुट्टी, लाईटही गेलेली.
चटईवर आडवे झालो.
काही केलं नाही. खरंच, काही नाही.
तिचा हात माझ्या पाठीखाली दबून बधिर झाला असणार,
तिनं काढला नाही,
काढायला ती तिथं नव्हतीच.

दिवेलागणीला बसव्वानं कडी वाजवली, दळण घेऊन.
मी उठलो, दार उघडलं.
पायाला काहीतरी गार लागलं, मध्ये झिजलेलं.
"उंबरा," मी म्हणालो.
"एनु?" बसव्वा म्हणाली.

मी तिला खुणेनं गप्प केलं.
आत प्रेमा अजून झोपली होती.