कंबरेपर्यंत

चित्रकार म्हणाला, कंबरेपर्यंत काढतो;
पाय हवे असतील तर सात डॉलर जास्त.

जनरल अ‍ॅसाहेल क्रँडन.
मूळ धंदा कातडी कमावण्याचा.
वरचे मरत गेले, तशा बढत्या मिळत गेल्या.

डेलावेअरकाठच्या त्या हिवाळ्यातली त्याची वही:
माणसं चारशे बारा, बूट एकशे नव्वद.
लढाईवर ओळ नाही.
चुकलेली तुकडी सापडली,
बर्फावरच्या रक्ताच्या मागावरून,
एवढंच.

पेन्शनचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला
त्याच आठवड्यात मेहिटाबेलनं गाय विकली,
सात डॉलर मोजून टेबलावर ठेवले.
बाप काही बोलला नाही.
बूट काढले फक्त.

गावच्या सभागृहात आता तो उभा आहे,
खांद्यावर सोनेरी झुबके,
पाय उघडे.
शाळेची पोरं बोटं मोजतात.
आठच भरतात.