पाचवा दिवस

साखर पेठेत राजव्वा गज्जम विड्या वळत होती,
तेवढ्यात नातवाचा फोन किंचाळला:
धरण फुटलं! दहा जणांना कळवा!

तिनं नळाकडं पाहिलं.
पाचवा दिवस. तोटीत मुंगी.
"फुटलंच असंल तर
दोन घागरी हिकडं धाडा म्हणावं."

टीव्हीवर तीन चॅनेलं, तीन रंग,
मालक मागच्या महिन्यापासून एकच.
तिघांनाही एकाच शब्दावर ठसका लागतो.
नवरा मागावर होता तिचा, सांगायचा:
चादरीवरचे मोर निराळे गं,
सूत एकाच गिरणीचं.

फोन विचारतोय, घाबरलात का?
हो किंवा नाही दाबा.
तिच्या बोटांना तंबाखू. ती काहीच दाबत नाही.

रात्री दोनला नळ फुसफुसला.
ही बातमी कुणीच दिली नव्हती.
अख्खी गल्ली मात्र
घागरी घेऊन उभी.