अदात, दोनदाती

मेंढीचा खालचा ओठ अंगठ्यानं ओढला
की तिचं वय मला वाचता येतं.
अदात, दोनदाती, चारदाती, मग जुळलेली.
वीस हंगाम कातरणी केली, सहसा चुकलो नाही.
दानित्साच्या तोंडात डोकावलो
तर काही म्हणता काही कळेना:
पुढचे दोन फावड्यांएवढे,
शेजारी फट, फटीत नुसती जीभ,
आणि एक दात, कळपातून फुटलेला,
भलतीकडेच तोंड करून उभा.
सातच वर्षांची आहे.

बायको म्हणाली, उशीर नको.
माझं वेळेवर झालं असतं
तर लग्नाच्या फोटोत मी हसलो असतो,
असं तिचं म्हणणं.
म्हणून यंदाच्या कातरणीचे पैसे
कोटाच्या अस्तरात शिवले
आणि पोर्वेनीरहून बोट धरली.
सामुद्रधुनीत वारा असा
की कपातली कॉफी आडवी उडाली.

पुंता आरेनासच्या डॉक्टर ओयार्सून बाईंनी
तिला चावायला लावलं, गिळायला लावलं,
मग एक्स-रे उजेडावर धरला.
आणि मला दिसले ते:
हिरडीच्या आत, दुधाच्या दातांच्या वर,
अजून न जन्मलेले,
गाभण मेंढीच्या पोटातल्या कोकरांसारखे
कुशीवर निजलेले.

त्या म्हणाल्या, खालचे दात वरच्यांच्या पुढे चावत असते,
टाळू अरुंद असती,
तर आजच हात घातला असता.
हिला नको. दर वर्षी नुसतं दाखवून जा.
सुळे उतरू देत. अकरा, बारा. तेव्हा बघू.

मी अस्तर चाचपलं.
एवढ्या लांबून आलोय बाई,
काहीतरी तर लावा.

त्या हसल्या. त्यांचाही एक दात
जरासा पुढे होता.

परतीच्या बोटीवर दानित्सानं विचारलं,
"म्हणजे आपण उगाच आलो?"
"बूट घेतले की तुला."
तिनं बुटांकडे पाहिलं. पटलं नसावं.
कठड्याशी उभी राहून
हलणारा दात जिभेनं ढकलत राहिली,
पुढे, मागे, पुढे,
तेवढ्यात काळापांढरा डॉल्फिन उसळला
तशी किंचाळून हसली,
तोंड सताड उघडं, फटींतून वारा आत.

फोटो काढायचा राहूनच गेला.
मग फोन तिच्याच हातात दिला,
म्हटलं, माझा काढ.
पाठीशी पाणी, केस डोळ्यांत.
"हास."
हसलो.
"बाबा," ती म्हणाली,
"तोंडावरचा हात काढ ना."